पेटीतील कपड्यांची मोजदाद आणि कापडखरेदी

सुगी आटोपून मालाचे पैसे हाती आले म्हणजे शेतकरी कुटुंबाचा पहिला मोठा रोखीचा खर्च पुष्कळदा कापडाचा असतो. दिवाळी तोंडावर असते, पाठोपाठ लग्नसराई व गावची जत्रा येते, आणि घरातील लहानथोर सर्वांना नवे कापड हवेसे वाटते. त्यात गैर काही नाही. परंतु बियाणे आणताना एकरी किती लागेल याचा हिशेब करणारा, गंजीत कडबा किती उरला हे पाहिल्याशिवाय नवा विकत न घेणारा तोच शेतकरी, कापडाच्या दुकानाची पायरी मात्र घरातील पेटी न उघडताच चढतो. परिणामी जे घरात आहे तेच पुन्हा घरात येते, आणि ज्याची खरी उणीव आहे ते वर्षानुवर्षे आणावयाचे राहून जाते. एक क्विंटल कपाशीतून साधारणतः ३३ ते ३५ किलो रुई निघते हे कापूस उत्पादकास तोंडपाठ असते. त्याच रुईचे झालेले सदरे आपल्या पेटीत किती आहेत हे विचारल्यास त्यास सांगता येत नाही.

घरातील कपड्यांचा हिशेब कसा राहतो व कसा सुटतो, हे पाहण्यास मुंबईतील वरळीच्या चाळींचे उदाहरण उपयुक्त आहे. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या बाजूंच्या ज्या गावांतून माणसे गिरणीत कामास गेली, तेथील जुन्या मंडळींना हे उदाहरण अपरिचित वाटणार नाही. मुंबई विकास खात्याने १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथे मिळून २०७ चाळी बांधल्या. ‘बीडीडी चाळी’ म्हणून त्या ओळखल्या जातात. त्यांपैकी १२१ एकट्या वरळीत होत्या. तळमजला व वर तीन मजले, मधून लांबच लांब वाट आणि दोन्ही अंगांस खोल्या, अशी त्यांची रचना. खोलीचे क्षेत्र सुमारे १६० चौरस फूट. अशा एका खोलीत एखादे भरले कुटुंब तरी राही, नाहीतर एकाच गावचे दहाबारा गडी ‘गाळा’ करून राहत आणि पाळीप्रमाणे आळीपाळीने निजत.

अशा खोलीत प्रत्येकाच्या वाट्यास एक पत्र्याची पेटी आणि भिंतीवरील एक खुंटी येई. पेटीत जे मावेल तेवढेच आपले. पेटीबाहेरच्या वस्तूस जागाच नव्हती. नवा सदरा आणावयाचा तर जुना कोठे जाईल हे आधी ठरवावे लागे. तो एकतर घरात अंगावर घालण्यास निघे, अथवा शिमग्याला किंवा गणपतीला गावी जाताना गाठोड्यातून शेतकामासाठी घरी येई, आणि अगदीच विरला असेल तर हातपुसणे होई. १८९७ साली स्थापन झालेल्या सेंच्युरी कंपनीची गिरणी याच वरळीत होती. जेथे दिवसरात्र कापडाचे ठाण उलगडत होते त्याच्या दाराशी राहणारा माणूस मोजक्या जोडांवर वर्ष काढीत होता, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. गिरणीतील कामाने कापडाची पारख त्याला आलेली असे. तरीही किती घ्यावे हे त्याची पारख ठरवीत नसे, पेटी ठरवीत असे.

या मोजकेपणाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांत संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांची मजुरी थांबली. तो वर्षाहून अधिक काळ लांबला. पुष्कळजण गावी परतले. पैसा थांबला म्हणजे घरात प्रथम कात्री लागते ती कापडाला. धान्य व औषध टाळता येत नाही, सदरा टाळता येतो. अशा वेळी पेटीत असलेले कपडे किती धड आहेत, त्यांतील कोणते उलटवून, रफू करून, लहान करून चालतील, यावरच घराचे अंग झाकले जाते. गावाकडे ज्या वर्षी पाऊस पाठ फिरवतो त्या वर्षी शेतकऱ्यावर नेमकी हीच पाळी येते. चांगल्या वर्षी केलेली विचारपूर्वक खरेदी वाईट वर्षी उपयोगी पडते. चांगल्या वर्षी केलेली भपक्याची खरेदी त्या वेळी पेटीत तशीच पडून राहते, कारण जरीचे लुगडे नेसून निंदणी करता येत नाही.

आता या चाळींचा पुनर्विकास होत आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना प्रत्येकी ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या देण्यात आल्या. १६० चौरस फुटांतील संसार तिप्पट जागेत गेला, ही आनंदाचीच बाब होय. परंतु पेटीच्या जागी भिंतभर कपाट आले म्हणजे पेटी आपण होऊन ठेवीत असलेला हिशेब ठेवणारे कोणी उरत नाही. गावातही घरकुले झाली, दोन खणी घराच्या चार खोल्या झाल्या, लोखंडी कपाटे आली. तेथेही हाच अनुभव येतो. कपाट मोठे झाले म्हणून कोणाकडे कामाचे कपडे वाढलेले नाहीत. न वापरलेले कपडे तेवढे वाढले आहेत. जागेच्या टंचाईने जे काम होत होते ते यापुढे वहीने केले पाहिजे.

मोजदादीस वर्षातून एक दिवस पुरतो. दिवाळीपूर्वी उन्हाचा एक दिवस काढावा. पावसाळ्यात दमट झालेल्या कपड्यांना त्या निमित्ताने ऊनही लागते व कसर लागली असल्यास कळते. ओसरीवर सतरंजी अंथरून पेट्या, कपाट, माळा, दोरीवरचे व खुंटीवरचे सर्व कपडे एकत्र आणावेत. खुंटीवरचे कपडे वगळू नयेत. जे खुंटीवर असतात तेच खरोखर वापरात असतात आणि तेच सर्वांत अधिक झिजलेले असतात. घरातील सर्व माणसे त्या वेळी हजर असलेली बरी, कारण कोणता कपडा अंगास आवळतो, कोणाचा रंग आवडत नाही म्हणून तो घातला जात नाही, हे ज्याचे त्यालाच ठाऊक असते. म्हाताऱ्या माणसांना अवश्य विचारावे. त्यांच्या नावे पुष्कळ कापड निघते, पण उठताबसता सोयीचे आणि थंडीत ऊब देणारे असे त्यात फारच थोडे असते.

सदरे एका बाजूस, लुगडी दुसऱ्या बाजूस अशी वर्गवारी केल्याने फारसा बोध होत नाही. वर्गवारी कामावरून करावी. शेतात वापरण्याचे कोणते, घरात वापरण्याचे कोणते, बाजारास अगर तालुक्याच्या गावी जाण्याचे कोणते, सणासमारंभाचे कोणते, पावसाचे व थंडीचे कोणते, असे ढीग करावेत. वरळी कोळीवाड्यात मासळीच्या कामाचे लुगडे आणि नारळी पौर्णिमेचे लुगडे यांची कधी गल्लत होत नाही. खाऱ्या पाण्यात व मासळीच्या वासात राबणाऱ्या कापडाचा वेगळा वर्ग तेथे कामानेच पाडला आहे. शेतातील चिखल, घाम व काट्यांत वापरावयाच्या कापडासही असाच वेगळा वर्ग हवा. तो नसला म्हणजे काय होते हे सर्वांच्या पाहण्यातले आहे. बाजारचा सदरा थोडा मळला की शेतात जातो, महिन्याभरात फाटतो, आणि मग बाजारासाठी पुन्हा नवा घ्यावा लागतो.

प्रत्येक ढिगातील कपड्यांची नोंद माणसागणिक वहीत करावी. नोंद लांबलचक नको. कपडा, त्याची स्थिती, आणि गेल्या वर्षभरात तो अंगावर आला की नाही, एवढ्यावर भागते. तिसरी बाब सर्वांत महत्त्वाची होय. समजा, एखाद्या शेतकऱ्याचे आठ सदरे निघाले. त्यांपैकी तीन लग्नात घातलेले व तेव्हापासून घडीत असलेले, दोन पोटाशी आवळणारे, एक गळपट्टीशी फाटलेला, आणि दोनच रोजच्या वापरातले. हा माणूस आठ सदऱ्यांचा धनी असूनही प्रत्यक्षात दोन सदऱ्यांवर राहत आहे. त्याने नववा सदरा तसाच समारंभाचा घेतला तर तो पुन्हा दोनच सदऱ्यांवर राहील.

किंमत मोजण्याची पद्धतही येथे बदलली पाहिजे. १,२०० रुपयांची साडी वर्षातून दोनदा नेसली गेली आणि चार वर्षांनी मागे पडली, तर एका वापरास १५० रुपये पडले. ४०० रुपयांचा जाड सुती सदरा शेतात दोनशे दिवस टिकला तर एका वापरास २ रुपये पडले. याचा अर्थ सणाची साडी घेऊच नये असा नव्हे. वर्षभर चुलीपुढे व रानात राबणाऱ्या स्त्रीच्या अंगावर एक तरी मनाजोगे वस्त्र असावे, आणि तेही हिशेबाच्या नावाखाली काटण्याची वृत्ती घरातील पुरुषांत आढळते ती योग्य नाही. मोजदाद करावयाची ती सर्वांच्या कपड्यांची. नुसत्या बायकांच्या पेटीची झडती म्हणजे मोजदाद नव्हे.

बहुतेक शेतकरी घरांत अशी मोजदाद केल्यास एक उणीव हमखास आढळेल, आणि ती जिवाशी संबंधित आहे. कीटकनाशके फवारताना घालावयाचे वेगळे कपडे घरात नसतात. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले, आणि शेकडोंना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या दुर्घटनेस अनेक कारणे होती. पण उघड्या अंगावर अथवा अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यावर फवारणी करणे किती घातक आहे हे तिने सर्वांपुढे आणले. औषध केवळ नाकातोंडातून नव्हे, कातडीतूनही शरीरात जाते. भिजलेला कपडा अंगावर तसाच राहिला तर ते कातडीशी धरून ठेवतो. म्हणून पूर्ण बाह्यांचा घट्ट विणीचा सदरा व पायघोळ विजार यांचा निदान एक जोड फवारणीसाठी राखून ठेवावा, आणि मजूर लावावयाचा असेल तर त्याच्यासाठीही तशी व्यवस्था मालकाने करावी. साधा कपडा पुरेसे संरक्षण देतो अशा समजुतीवर मात्र राहू नये. हातमोजे, तोंडावरील मुखपट्टी, चष्मा, बूट व अंगावरील आच्छादन औषधाच्या वेष्टनावरील सूचनेप्रमाणे वापरलेच पाहिजे.

हा जोड घरातील अन्य कपड्यांत मिसळू नये. फवारणी संपताच उतरवून तो निराळ्या बादलीत, हातमोजे घालून, साबणाने धुवावा व उन्हात वाळवावा. त्याचे धुणावळीचे पाणी विहिरीत, ओढ्यात अगर गुरांच्या पाण्यात जाऊ देऊ नये. तो जीर्ण झाला तर त्याची गोधडी करू नये, त्याचे फडके स्वयंपाकघरात आणू नये, आणि बोहारणीसही देऊ नये. लहान मुलाच्या अंगाखाली असे कापड जाणे किती अनिष्ट आहे हे गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी बचत गटाच्या बैठकीत मुद्दाम समजावून सांगावे. जुने कापड म्हणजे गोधडीचे कापड, ही सवय आपल्याकडे इतकी जुनी आहे की अपवाद ध्यानात राहत नाही.

याउलट काही वस्तू पेटीत वाजवीपेक्षा जास्त निघतात. लग्नकार्यात आहेर म्हणून आलेल्या टोप्या, टॉवेल, उपरणी व ब्लाउजपीस हे त्यांतले प्रमुख. एका घरातून आलेला टॉवेल घडी न मोडता दुसऱ्या घरी जातो, तेथून तिसऱ्या घरी जातो, आणि कधीकधी वर्षभराने पहिल्याच घरी परत येतो. यात कोणाचे अंग पुसले जात नाही. मोजदादीत असा माल वेगळा काढून त्याचा आकडा वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवावा. पुढील दोन-तीन कार्यांचा आहेर त्यातूनच भागेल. ब्लाउजपीस बहुधा ८० सेंटिमीटर ते १ मीटर असतो. रंग व पोत जुळणारे दोन निघाले तर लहान मुलीचे झगे अथवा परकर-पोलके त्यातून शिवता येते.

दुरुस्तीचा ढीग खरेदीपूर्वीच निकालात काढावा. उसवलेली शिवण, तुटलेले बटण, सैल झालेला नाडा यांमुळे चांगले कपडे बाजूस पडतात, हे पाहून आश्चर्य वाटते. गळपट्टी विरली असेल तर शिंपी ती उसवून उलटी लावून देतो. सदरा आणखी एक-दोन वर्षे चालतो. वाढत्या मुलांचे कपडे शिवताना दुमडीत व बाजूच्या शिवणीत कापड राखावे म्हणजे पुढील वर्षी सोडता येते. नऊवारी लुगडे सुमारे ८.२३ मीटर असते आणि ते प्रथम फाटते ते बसण्याच्या जागी. तेथील विरलेला भाग काढून उरलेले दोन तुकडे जोडून नेसण्याची, आणि तेही विरल्यावर गोधडीस लावण्याची रीत घराघरांत होती. सहावारी साडी सुमारे ५.४९ मीटर, तिचा काठ व पदर अनेकदा मधल्या भागापेक्षा अधिक टिकतात.

एवढे झाल्यावर जी उणीव उरते तीच खरेदीची यादी. शाळेत जाणाऱ्या मुलांच्या बाबतीत शासकीय व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतून पात्र विद्यार्थ्यांना मोफत मिळणारे गणवेश यादीतून आधी वजा करावेत. शाळेत चौकशी न करता गणवेश विकत घेतला जातो आणि महिन्याभराने शाळेतून मिळतो, असे घडू देऊ नये. यादीत प्रत्येक वस्तूपुढे मोजमाप लिहावे. प्रौढ माणसाच्या सदऱ्यास ९० सेंटिमीटर पन्ह्याचे कापड साधारणतः सव्वादोन ते अडीच मीटर लागते. पन्हा मोठा असेल तर कमी लागते. म्हणून मीटरचा भाव विचारताना पन्हा विचारल्याशिवाय दोन दुकानांच्या भावांची तुलना करता येत नाही. घरातील सर्वांची मापे शिंप्याकडून एकदा वहीत उतरवून घेतली तर कापड फाडताना अंदाजाने जादा घेण्याचा प्रसंग येत नाही.

दुकानात कापड हाती आल्यावर ते उजेडासमोर धरावे. वीण विरळ असेल किंवा जागोजाग गाठी असतील तर दिसून येतात. दोन बोटांत चोळल्यावर पांढरी पूड पडली तर कापडास खळ जास्त आहे असे समजावे. ती खळ पहिल्या धुण्यात जाईल आणि मागे जाळीदार कापड उरेल. कोपऱ्यास थोडे पाणी लावून पांढऱ्या रुमालावर दाबल्यास रंग पक्का की कच्चा ते कळते. धुऊन आटविलेले नसेल ते सुती कापड शिवण्यापूर्वी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवावे, नाहीतर पहिल्या धुण्यात शिवलेला सदरा आखडतो. शेतकामासाठी सुतीच घ्यावे. पॉलिस्टर लवकर वाळते, चुरगळत नाही व स्वस्त पडते हे खरे. परंतु ते घाम शोषीत नाही, आणि आगीशी गाठ पडल्यास वितळून कातडीस चिकटते. चूल, भट्टी किंवा गुऱ्हाळ यांजवळ काम करणाऱ्याने तसा कपडा अंगावर ठेवणे धोक्याचे आहे. स्वयंपाक करताना नायलॉनचा पदर सुटा सोडू नये, हे प्रत्येक घरात सांगितले गेले पाहिजे.

लग्नाचा बस्ता हा निराळाच विषय आहे. तेथे यादीपेक्षा मानपान मोठा ठरतो, आणि दुकानात गादीवर बसलेल्या वीस-पंचवीस माणसांपुढे ‘एवढे पुरे’ असे म्हणण्याचे धैर्य वधूपित्यास होत नाही. म्हणून बोलणे दुकानात नको, घरी व्हावे. दोन्ही बाजूंच्या वडीलधाऱ्यांनी आधी बसून कोणास काय द्यावयाचे ते नावानिशी लिहावे, आणि बस्त्यास त्या कागदासह मोजकी चार माणसेच जावीत. नवरीची वस्त्रे घेताना लग्नाच्या दिवसाबरोबर तिचे पहिले वर्षही डोळ्यांसमोर असावे. पाच भारी साड्या देऊन रोजच्या नेसण्याची एकही न दिल्यास, सासरी तिला पहिल्याच महिन्यात साध्या साडीसाठी तोंड उघडावे लागते. बस्त्यासाठी कर्ज काढले असेल तर त्याचे व्याज पुढल्या सुगीतून जाते, आणि त्या सुगीला घरातील कोणाच्याच यादीतील कपडा येत नाही.

जे कपडे कोणाच्याच उपयोगाचे नाहीत ते पेटीत परत ठेवू नयेत. लहान मुलांचे आखूड झालेले कपडे जिवंत असतानाच नात्यात किंवा शेजारी द्यावेत. वर्षभर ठेवून कसर लागल्यावर दिलेले कोणी घेत नाही. जुन्या कपड्यांवर भांडे देणारी बोहारीण आजही शहरांतून व काही गावांतून फिरते. ती प्रत्येक कपडा उलगडून, उजेडात धरून, शिवण ओढून पाहते आणि मगच पातेले द्यावयाचे की वाटी, हे ठरविते. तिच्यापुढे बसण्याआधी आपणही तसेच एकदा पाहून घ्यावे; वापरता येण्याजोगा एखादा कपडा गाठोड्यात जाऊ नये, आणि खिशात राहिलेली नोट किंवा पावतीही जाऊ नये.

उरलेले कपडे धुऊन पूर्ण वाळल्यावरच घडी करून ठेवावेत. अर्धवट ओलसर कपड्यास बुरशीचे डाग पडतात व ते निघत नाहीत. रेशमी व जरीची वस्त्रे जुन्या सुती धोतराच्या तुकड्यात गुंडाळावीत, घडी दोन-तीन महिन्यांनी बदलावी, म्हणजे घडीवर कापड तुटत नाही. पेटीत वाळलेला कडुनिंबाचा पाला किंवा डांबरगोळ्या ठेवाव्यात. डांबरगोळ्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा पुरचुंडीत बांधाव्यात, आणि तान्ह्या मुलाच्या कपड्यांत त्या मुळीच ठेवू नयेत. नोंदीची वही पेटीतच सर्वांत वर ठेवावी.